खानदेशातून सुरतेच्या समुद्रावर: किनारा कसा निवडावा, पाण्यात कधी उतरावं

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही, पण तो फार लांबही नाही. जळगावहून मुंबई चारशे किलोमीटरच्या पुढे, तर सुरत ताप्ती लाइनच्या रेल्वेने साधारण तीनशे. नंदुरबारकरांना त्याच्या जेमतेम निम्मं अंतर पडतं. धुळ्या-साक्रीकडची मंडळी कोंडाईबारी घाट उतरून नवापूर, सोनगढ, व्यारा, बारडोली करत रस्त्यानेच जातात. शिवाय उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत आपल्याकडच्या कितीतरी घरांचं कोणी ना कोणी राहतं. त्यामुळे इकडच्या पुष्कळ पोरांनी पहिला समुद्र पाहिलेला असतो तो सुरतेचा, मामाकडे किंवा आत्याकडे गेल्यावर. हा लेख त्या पहिल्या-दुसऱ्या खेपेसाठी आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. सुरतेच्या आसपासचे किनारे बघायला, वाऱ्यावर बसायला, योग्य वेळी पाय भिजवायला चांगले आहेत. पोहायला नाहीत. तापीत किंवा विहिरीत पट्टीचं पोहणाऱ्यालाही हे तितकंच लागू आहे. किंबहुना त्याला जास्तच, कारण ज्याला पोहता येत नाही तो मुळात पुढे जात नाही.

नदीवर शिकलेलं समुद्रात कुठे कमी पडतं

आपल्याकडे पोहणं शिकतात ते पाठीला रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून, विहिरीत नाहीतर नदीच्या डोहात. असं शिकलेल्या माणसाला खोली कळते, भोवरा ओळखता येतो, पाटाच्या पाण्याची ओढ माहीत असते. ओढ लागली तर अंग सैल सोडायचं, प्रवाहाबरोबर तिरकं जायचं, खाली कुठेतरी काठ मिळतोच. नदीला दोन काठ असतात आणि पाणी एकाच दिशेने जातं, हे गृहीत धरूनच ही सगळी अक्कल तयार झालेली असते.

समुद्राला काठ एकच, आणि पाण्याची दिशा सहा-साडेसहा तासांनी उलटते. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. तापीला पूर पावसाळ्यात येतो. समुद्राला तो रोज दोनदा येतो, असं डोक्यात ठेवून निघालात तर निम्म्या चुका टळतील. फरक इतकाच की नदीचा पूर आधी गढूळ होतो, आवाज करतो, हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी गावोगाव पोहोचते. भरती स्वच्छ उन्हात, काहीही आवाज न करता वर सरकते.

दुसरी गोष्ट मिठाची. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असतं, त्यामुळे अंग गोड्या पाण्यापेक्षा सहज तरंगतं. नदीवर पोहणाऱ्याला पहिली काही मिनिटं फार सोपी वाटतात. हात हलके पडतात, दम लागत नाही, आणि माणूस ठरवलं होतं त्याच्या दुप्पट आत जातो. परत फिरताना मात्र पाणी बाहेर ओढत असतं.

आणि सुरतेची खास अडचण म्हणजे खंभातचं आखात. ते आत जाता जाता निमुळतं आणि उथळ होत जातं, म्हणून भरतीचं पाणी दाबलं जाऊन उंच चढतं. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत जातं. आखाताच्या टोकाकडे, भावनगरच्या बाजूला, हाच आकडा दहा मीटरच्या आसपास पोहोचतो. सुरत या दोन्हींच्या मधे येते. किनारा जवळजवळ सपाट असल्याने पाणी थोडं चढलं तरी आडवं खूप लांब पसरतं. ओहोटीला जे पाणी डोळ्यांना नुसती चकाकती रेघ दिसत होतं, तेच भरतीला बसायच्या दगडांना लागतं.

कोणता किनारा कशासाठी

डुमस शहराला सगळ्यात जवळ, स्टेशनपासून वीस-एक किलोमीटर. सिटीबस आणि रिक्षा दोन्ही मिळतात. इथली वाळू काळी आहे. ती बेसाल्टच्या चुऱ्याची, म्हणजे आपल्या शेताच्या बांधावर पडलेल्या काळ्या दगडाच्याच कुळातली. दर्या गणेशाचं देऊळ, उंट-घोडे, भाजलेली कणसं, आणि डुमसची टोमॅटोची भजी, ज्यांच्यासाठी खुद्द सुरतकर गाडी काढून येतात. तापी आणि मिंढोळा या दोन्ही नद्यांची मुखं इथून जवळ असल्याने पाणी कायम गढूळ आणि तळ चिखलाचा. आपलीच तापी मुलताईपासून सातशे किलोमीटरच्या वर वाहत येऊन इथे समुद्राला मिळते, हे मुलांना दाखवण्यासाठी तरी डुमसला एकदा जावं. तापीकाठच्या चांगदेव किंवा प्रकाशा गावाला पाहिलेलं पाणी कुठे पोहोचतं हे डोळ्यांनी बघण्यात मोठा आनंद आहे. पाण्यात उतरायला मात्र हा किनारा निवडू नका.

सुवाली तापीच्या पलीकडे, हजीऱ्याच्या बाजूला. 1612 साली इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाई झाली ती याच किनाऱ्यासमोर. गर्दी कमी, किनारा मोकळा, फोटो सुंदर येतात, म्हणून कॉलेजची पोरं दुचाकी काढून इकडे जातात. मी नवख्यांना सुवाली सुचवत नाही. इथे माणसं बुडाल्याच्या बातम्या वारंवार येतात, आणि गर्दी नाही याचा अर्थ मदतीला धावणारंही कोणी नाही.

घरच्या मंडळींना घेऊन जायचं असेल तर उभराट बरं. सुरतेहून चाळीस-बेचाळीस किलोमीटर, नवसारी जिल्ह्यात. झाडांची सावली आहे, डबा उघडून निवांत बसता येतं. तिथूनच थोडं पुढे दांडी. 6 एप्रिल 1930 रोजी गांधीजींनी मूठभर मीठ उचललं ते इथेच. आता तिथे मोठं स्मारक आहे, 2019 मध्ये खुलं झालेलं. दांडीला स्मारकासाठी जा आणि समुद्र ओझरता बघा. शाळेत जाणारी मुलं बरोबर असतील तर माझी पहिली पसंती दांडीलाच.

तिथल वलसाड स्टेशनपासून पाचेक किलोमीटर. ताप्ती लाइनच्या बहुतेक गाड्या तिकडे जात नाहीत, सुरतेला किंवा उधन्याला गाडी बदलावी लागते. साईबाबांचं आणि स्वामिनारायणाचं अशी दोन्ही मंदिरं किनाऱ्यालाच असल्याने वयस्कर मंडळी खूश होतात. लाटा डुमसपेक्षा मोठ्या असतात, वाळू तशीच काळी. आणखी दक्षिणेला उमरगावजवळचं नारगोल सुरूच्या बनाचं, शांत आणि त्यामानाने स्वच्छ. मुक्काम करणार असाल तर विचार करा, एका दिवसात जाऊन येण्यासारखं नाही. दमणचा देवका किनारा नावाने मोठा, पण पाण्याखाली दगड आणि चिखल. तिथे पाय ठेवणंही त्रासाचं.

मुंबईकडून जाणाऱ्यांसाठी एकच सूचना: मालाडजवळच्या आक्सा किनाऱ्यावर पाण्यात उतरू नका. तिथली वाळू सारखी सरकते आणि कालचा उथळ भाग आज खोल असतो. जुहू, गिरगावला जीवरक्षक असतात, पण पाणी अंघोळीच्या लायकीचं नसतं.

तिकीट काढायच्या आधी तिथी बघा

बहुतेक जण उलटं करतात: रविवार धरतात, गाडी धरतात, आणि पोहोचतात तेव्हा जे पाणी असेल ते. त्याऐवजी भिंतीवरची दिनदर्शिका उघडा. अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे. पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात लांब जातं, म्हणजेच सगळ्यात जोरात धावतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग असतो, चढ-उतार कमी आणि ओढही कमी. लहान मुलं, म्हातारी माणसं घेऊन जायचं तर भांगाचे दिवस धरा. पौर्णिमेच्या चांदण्यात समुद्र सुंदर दिसतो हे खरं, पण तो कठड्याच्या आतून बघावा.

भरतीची वेळ काढायला कोकणात एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. दुसऱ्या दिवशी हे सगळं पाऊण तासाने, जरा जास्तच, पुढे सरकतं. हा हिशेब मुंबई-कोकणाचा. सुरतेला भरती आखातात शिरत शिरत त्याच्या नंतर पोहोचते, म्हणून नेमकी वेळ मोबाईलवर हजीरा किंवा डुमस असं नाव टाकून भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. मुंबईचा तक्ता सुरतेला वापरू नका. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारेही देते. जायच्या आदल्या दिवशी तेही पाहून घ्या.

आता त्या वेळांचं करायचं काय? भरती-ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या गतीने हलत नाही. बारा हिस्से धरले तर पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, शेवटच्या तासात पुन्हा एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी सरकतं. पाय भिजवायचे ते पूर्ण भरतीच्या आगेमागे, पाणी जवळजवळ थांबलेलं असतं तेव्हा. तेव्हा पाणी किनाऱ्याजवळ असतं, चिखल तुडवत जावं लागत नाही, आणि ओढ सगळ्यात कमी असते. पाणी उतरायला लागलं की बाहेर. उतरत्या पाण्यामागे चालत जायचं नाही, ही एक गोष्ट पाळली तरी पुष्कळ झालं.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सुरतेत तेव्हा पोंकही असतो, म्हणजे आपला हुरडाच. शेव आणि लिंबाबरोबर खातात. एप्रिल-मेमध्ये दुपारची काळी वाळू अनवाणी पायांना चटके देते, लहान मुलांच्या पायांना तर फोड येतात. तेव्हा चप्पल काढायची नाही.

पोहोचल्यावर लगेच पाण्याकडे धावू नका

पहिली वीस मिनिटं नुसतं बघण्यात घालवा. वाळूवर आधीच्या भरतीने टाकलेली काडीकचऱ्याची, शिंपल्यांची, प्लास्टिकच्या तुकड्यांची एक आडवी रेघ दिसेल. पाणी तिथपर्यंत आलं होतं आणि पुन्हा येऊ शकतं. तुमच्या पिशव्या, सतरंजी, मोबाईल त्या रेघेच्या वर. मग पाण्याच्या कडेला एक काडी खोचा आणि भजी खाऊन या. काडी पाण्यात गेली असेल तर भरती चालू आहे, कोरड्यात राहिली असेल तर ओहोटी. मुलांना हा उद्योग फार आवडतो आणि समुद्राचं मूळ गणितही त्यातून समजतं.

कोरडी वाळू आणि चिखल यांतला फरकही डोळ्यांनी शिकता येतो. खेकड्यांनी बाहेर टाकलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी, पाण्याने उमटवलेल्या कडक वळ्या, पाय ठेवल्यावर भोवती क्षणभर कोरडी पडणारी जमीन: इथे चालायला हरकत नाही. सपाट, गुळगुळीत, करडी, ओल्या शेणाच्या सारवणासारखी चमकणारी जागा: तिथे वर जेमतेम बोटभर साय असते आणि खाली गाळ. पाऊल घोट्यापर्यंत गेलं की तिथूनच मागे फिरा, पुढे घट्ट लागेल या आशेवर आणखी एक पाऊल टाकू नका.

भजीवाल्याला, उंटवाल्याला, जाळी घेऊन परतणाऱ्या माणसाला विचारा. सुरतेत मराठीवर काम भागतं, मोडक्या गुजरातीवर तर नक्कीच. आणि "पोहू का?" असं विचारू नका, त्याला समोरचा हसून हो म्हणेल. विचारा: "काका, पाणी किती वाजता वळतं? कुठे कोणी अडकतं का?" मग तो हात लांब करून जागा दाखवतो. फलक गुजरातीत असतो. लाल रंग आणि आडवी काट दिसली तर भाषा येण्याची गरज नाही.

गाडी वाळूवर घालू नका. डुमसला आणि सुवालीला गाड्या रुततात, ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते, आणि ती गाडी वाचवायच्या नादात माणसं पाण्यात उभी राहतात.

पाण्यात

मोठ्यांनी गुडघ्यापर्यंत, मुलांनी हात धरून पोटऱ्यांपर्यंत. या किनाऱ्यांवर यापुढे जाण्यासारखं काही नाही. समुद्राकडे पाठ करू नका. फोटो काढणारा किनाऱ्याकडे पाठ करून उभा असतो आणि ज्यांचा फोटो काढायचा ते समुद्राकडे, तेव्हा निदान फोटो काढणाऱ्याने लाटेवर लक्ष ठेवून हाक द्यावी. प्रत्येक मुलामागे एका मोठ्या माणसाचं नाव ठरवा. "सगळे बघताहेत" असं असतं तेव्हा कोणीच बघत नसतं.

कपड्यांचं आपल्याकडे कोणी बोलत नाही, पण बोललं पाहिजे. साडी आणि जीन्स भिजल्यावर जड होतात आणि पायांत गुंडाळतात. लाटेने पडलेली बाई साडीमुळे उठू शकत नाही. सलवार किंवा ट्रॅक पँट घालून जा. साडीच नेसायची असेल तर कासोटा मारा, शेतात निंदायला जाताना मारतो तसा घट्ट. दारू पिऊन आलेला माणूस घरातला असला तरी त्याला पाण्यापासून लांब बसवा, रागावला तरी चालेल.

तिथल किंवा कोकणातल्या लाटांच्या किनाऱ्यावर आणखी एक धोका ओळखायला हवा. सगळीकडे पांढऱ्या लाटा फुटत असतात आणि मधेच एक पट्टा शांत, जरा काळपट दिसतो. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. खरं तर लाटांनी आणलेलं पाणी तिथूनच आत परतत असतं, म्हणून तिथे लाट फुटत नाही. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने हात मारून दमू नका. किनाऱ्याला समांतर जा, पट्टा ओलांडा, मग लाटांबरोबर बाहेर या. पोहायला जमत नसेल तर पाठीवर पडून तरंगा आणि एक हात वर करून हलवत राहा. नदीतली अंग सैल सोडायची सवय इथे खरोखर कामाला येते.

चिखलात पाय अडकला, पाणी मागून आलं

सपाट किनाऱ्यावर भरती नेहमी समोरून येत नाही. वाळूत मधूनमधून नाळी असतात, ओहोटीला त्या कोरड्या किंवा वीतभर पाण्याच्या. भरतीचं पाणी आधी त्यांत शिरतं. तुम्ही उंचवट्यावर पुढचं पाणी बघत उभे असता आणि पाठीमागची नाळ भरलेली असते. म्हणून पुढे जाताना ओलांडलेली प्रत्येक नाळ लक्षात ठेवा, आणि तिच्यात पाणी सरकताना दिसलं की लगेच परत या.

पाय रुतला तर दुसऱ्या पायावर जोर देऊन उपसू नका, दोन्ही रुततात. मागे टेकून बसा, वजन पसरू द्या, अडकलेला पाय हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवून भोवती पाणी शिरू द्या आणि सावकाश ओढा. मग आल्या वाटेने, गरज पडली तर गुडघ्यांवर रांगत मागे. चप्पल राहिली तर राहू द्या.

कोणी बुडताना दिसलं तर

बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, हात आडवे खाली दाबले जाताहेत, हाकेला उत्तर नाही, असं दिसलं की वेळ घालवू नका. उडी मारू नका. आपल्याकडे एकाला वाचवायला गेलेले दोघं-तिघं जातात, हे गणपती विसर्जनाच्या वेळी दरवर्षी वाचतो. दोर, ओढणीला बांधलेली ओढणी, झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन, जे तरंगेल ते फेका. एकाने 112 लावावा, दुसऱ्याने त्या माणसाकडे बोट धरून उभं राहावं आणि नजर हलवू नये. रुग्णवाहिकेसाठी 108, गुजरातेत आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे.

बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नका, उलटं टांगू नका. श्वास चालू नसेल तर तोंडावाटे श्वास द्या आणि छाती दाबत राहा, मदत येईपर्यंत. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचाच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी उठतो.

कानबाईला गेलात तर

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशची देवी कानबाई बसते, आणि सुरतेतल्या आपल्या वस्त्यांतही बसते. रोटांना, म्हणजे कानबाईच्या सणाला, गेलेली मंडळी दुसऱ्या दिवशी हमखास डुमसला निघतात. जा, भजी खा, वाऱ्यावर बसा, पण पाण्यात एक पाऊलही टाकू नका. जून ते सप्टेंबर हा समुद्र कोणाचाच नसतो. पश्चिम किनाऱ्यावर 1 जूनपासून मासेमारी बंद असते आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच होड्या सोडतात. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे ते जेव्हा उतरत नाहीत, तेव्हा आपण उतरायचं कारण नाही. त्याच दिवसांत हतनूर आणि उकाईतून सुटलेलं पाणी खाली येत असतं आणि मुखाजवळचा गाळ रोज जागा बदलतो. सोबतची पोरं ऐकत नसतील तर घरातल्या आजीला पुढे करा. "हाऊ दर्या शे, तापी माय नही," एवढं तिने अहिराणीत दरडावलं की माझ्या लेखापेक्षा जास्त काम होतं.

खरंच समुद्रात पोहायचं असेल तर

मग सुरत सोडा आणि वेगळी सहल आखा. दीवचा घोघला किनारा 2020 पासून ब्लू फ्लॅग मानांकनाचा आहे. पाण्याची तपासणी, जीवरक्षक, कपडे बदलायची सोय, हे सगळं त्या मानांकनाच्या अटींतच येतं. अंतर मोठं आहे, दोन मुक्काम तरी धरा. कोकणात जायचं तर जिथे जीवरक्षक नेमलेले आहेत आणि झेंडे लावून पोहण्याचा पट्टा आखलेला आहे असाच किनारा निवडा, आणि त्या झेंड्यांच्या आतच राहा. त्याआधी निदान महिनाभर आपल्या गावच्या तरण तलावात जा. विहिरीत शिकलेल्यांना एका दमात खोल बुडी येते, पण सलग दहा मिनिटं न थांबता हात मारायची आणि पाठीवर स्वस्थ पडून राहायची सवय नसते. ती तलावात करा. पाठीवर पाच मिनिटं हात न हलवता तरंगता यायला लागलं की तिकीट काढा.